पास्टी उबेत, बॅटरी गारठ्यात

मित्रांनो, मी एक जुनी बंदूक आहे. दचकू नका, मी कोणाचा जीव घेत नाही. माझ्यातून सुटतो तो वाटाण्यापेक्षा थोडा लहान, प्लास्टिकचा पांढरा छर्रा. जाड कोटावर तो लागला तर चिमटा काढल्यासारखे वाटते, आणि ज्याला लागतो तो आपणहून हात वर करून खेळाबाहेर जातो. या खेळाला एअरसॉफ्ट म्हणतात. डोळ्यांवर चष्मा चढवल्याशिवाय कोणी मैदानात पाऊल टाकत नाही, आणि छर्रा लागूनही न लागल्याचे सोंग करणाऱ्याला पुढच्या रविवारी कोणी बोलावत नाही.

मी जन्मले दूरच्या एका कारखान्यात, माझ्यासारख्याच शेकडो बहिणींबरोबर. माझ्या पोटात एक मोटर आहे, तीन दातेरी चाके आहेत आणि एक स्प्रिंग आहे. चाप ओढला की बॅटरीतली वीज मोटर फिरवते, मोटर चाके फिरवते, चाके स्प्रिंगला मागे खेचतात, आणि स्प्रिंग सुटली की छर्रा उडतो. छर्रा किती जोरात जाणार हे स्प्रिंग ठरवते. चाके किती भरभर फिरणार हे बॅटरी ठरवते. माझ्यासाठी ७.४ व्होल्टची बॅटरी अगदी पुरेशी आहे. एवढे तुम्ही ध्यानात ठेवा. ते एका माणसाच्या ध्यानात न राहिल्यामुळेच माझ्यावर मरणाची वेळ आली होती.

मला घरी आणले आर्डिस कालियोने. आर्डिस आमच्या गावच्या सहकारी दुकानात पावाच्या काउंटरवर उभी असते. आमचे गाव मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला, सुपीरियर तलावाच्या काठी आहे. इथले लोक सारखे हिवाळ्याबद्दल बोलतात, कारण दुसरे काही बोलायला हिवाळा वेळच ठेवत नाही. दर रविवारी आर्डिस मला खडीच्या जुन्या खाणीत न्यायची. तिथे दोन संघ ढिगाऱ्यांमागे लपून एकमेकांवर छर्रे उडवायचे आणि नंतर एकाच टेबलाभोवती बसून कॉफी प्यायचे. माझा नेम चांगला होता. "आर्डिसच्या म्हातारीपासून जपून राहा रे," असे लोक म्हणायचे. म्हातारी म्हणजे मी, आर्डिस नव्हे. तसे म्हणायची कोणाची छाती नव्हती.

मग आर्डिसची आई अंथरुणाला खिळली आणि मी कपाटात गेले, इस्त्रीच्या टेबलाशेजारी. दोन हिवाळे मी तिथे काढले. माझ्या चाकांवरचे वंगण घट्ट होत गेले आणि नळीत धूळ बसली. मला वाईट वाटायचे, खोटे कशाला सांगू. पण आई गेल्यावर एके दिवशी आर्डिसने मला बाहेर काढले, मांडीवर घेऊन पुसले आणि पुन्हा खाणीत नेले. त्या दिवसापासून मी तिला सगळे माफ केले.

आता तिच्या धाकट्या भावाबद्दल सांगते, कारण माझी गोष्ट खरी त्याच्यापाशी सुरू होते. त्याचे नाव वेस. तो रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणारा मोठा ट्रक चालवतो. माणूस मनाने लोण्यासारखा, पण त्याच्या हाती दिलेली वस्तू धड परत यायची नाही. आर्डिसचे स्केट त्याने गमावले. बर्फ उडवण्याचे यंत्र त्याने जाळले. आणि मग ती होडी. त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने बनवलेली लाकडी होडी वेसने एका उन्हाळ्यात मागून नेली आणि परत येताना, ती गाडीच्या छतावर बांधलेली आहे हे विसरून, गाडी सरळ गॅरेजात घातली. होडी मोडली ते मोडलीच, पण त्याने ती ताडपत्रीखाली झाकून ठेवली आणि कोणाला सांगितले नाही. आर्डिसला ते महिन्याभराने कळले. त्यानंतर कितीतरी दिवस ती त्याच्याशी बोलली नाही, आणि बोलायला लागली तेव्हाही वस्तू म्हणून काही दिली नाही.

मागच्या शरद ऋतूत वेसची बायको कॉनी त्याला सोडून गेली. वेस कामाला जायचा, घरी यायचा आणि पडदे ओढून बसायचा. खेळायला येणे त्याने सोडून दिले होते. त्यातच फेब्रुवारीत आर्डिस दुकानाच्या पायरीवर घसरली आणि तिचा डावा हात प्लास्टरमध्ये गेला. मग तिने वेसला घरी बोलावले.

"रविवारी माझ्या जागी तू जा," ती म्हणाली. "संघात एक माणूस कमी पडतोय."

"आणि खेळू कशानं? बर्फाच्या गोळ्यांनी?"

"माझी बंदूक घेऊन जा."

वेस खुर्चीतच सरळ झाला. "तू मला वस्तू देतेयस? मला?"

"मनगट मोडलंय माझं, डोकं नाही. घे म्हटलं ना." मग तिने टेबलावर बॅटरी ठेवली. "ही ७.४ ची आहे, हिच्यावर म्हातारी मस्त चालते. फक्त ही आतल्या खिशात ठेव, छातीशी. गारठली की हिच्यातली वीज सुस्तावते. ऐकतोयस का?"

"ऐकतोय ना," वेस म्हणाला. माझ्या मते तो निम्मेच ऐकत होता.

मित्रांनो, एक गोष्ट मी अजून सांगितली नाही. वेस यायच्या आदल्या दिवशी आर्डिसने एका हाताने आणि दातांनी माझ्या दस्त्याचे झाकण उघडले होते आणि माझ्या वायरीच्या मध्ये एक छोटा फ्यूज बसवला होता. कारखान्यातून येताना मला तो होता. पण तो वीज अडवतो असे खाणीतली मंडळी म्हणाली, म्हणून तो कधीच काढून टाकला होता. आता इतक्या वर्षांनी माझ्या घशात पुन्हा हा पहारेकरी कशाला, असे मनात येऊन मी जरा रुसलेच.

रविवारी निघताना आर्डिसने वेसला भट्टीतून काढलेली गरम पास्टी दिली. मांस, बटाटे आणि कांदा भरलेली, करंजीच्या आकाराची ती जाडजूड पास्टी खाल्ली की दिवसभर दुसरे काही लागत नाही. वेसने ती चांदीच्या कागदात गुंडाळली आणि, थंड होऊ नये म्हणून, आतल्या खिशात ठेवली, छातीशी. बॅटरीला तिथे जागा उरली नाही. ती गेली त्याच्या स्वतःच्या छोट्या ट्रकच्या मागच्या उघड्या भागात, हातमोज्यांच्या डब्यात. खाणीपर्यंतची वाट लांब होती आणि पारा शून्याच्या बराच खाली होता.

पहिल्याच डावात माझे हाल सुरू झाले. वेस चाप ओढायचा आणि मी घर्र, घर्र करून कसाबसा एक छर्रा सोडायची. समोरचा माणूस तोवर निवांत चालत दुसऱ्या ढिगाऱ्यामागे पोचलेला असायचा.

"वेस, तुझी बंदूक जांभया देतेय रे," डुएन रुओना म्हणाला. डुएन आमच्याच संघातला. त्याच्याकडे नेहमी नवीन माल असतो आणि तो दुसऱ्यांना द्यायला त्याला फार आवडते.

"म्हातारी झालीय ती."

"म्हातारी नाही, उपाशी आहे. हे घे, माझी जादाची बॅटरी. अकरा व्होल्टची आहे."

वेसने ती हातात घेऊन उलटसुलट केली. "हिला चालेल?"

"प्लग बसतोय ना? मग चालणारच. छर्रा पार तलावात जाऊन पडेल बघ."

हे साफ चूक होते. डुएनची बंदूक त्या ताकदीसाठीच बांधलेली होती, माझे तसे नव्हते. आणि छर्रा तलावात काय, नेहमीच्या ढिगाऱ्यापलीकडेही गेला नसता, कारण माझी स्प्रिंग तीच होती. मी ओरडून सांगितले असते, पण आम्हाला बोलता येत नाही. वेसही क्षणभर घुटमळला. पण कित्येक महिन्यांनी तो चार माणसांत आला होता, त्याची चेष्टा चालली होती आणि त्या चेष्टेवर तो हसतही होता. त्याला पुन्हा घरी जाऊन पडद्याआड बसायचे नव्हते. प्लग तर खटकन बसला.

त्याने चाप ओढला. मी उभ्या जन्मात तशी धावले नव्हते. थंडीने वंगण गोठलेले, चाके जड झालेली, आणि मागून तो विजेचा लोंढा. पाच-सहा छर्रे धडाधड सुटले. आणि मग एकदम सगळे थांबले.

वेसने पुन्हा चाप ओढला, पुन्हा ओढला. माझी जुनी बॅटरी आणून लावली. मी गप्प.

"चाकांचे दात गेले असणार," डुएन म्हणाला. आता त्याचाही चेहरा पडला होता. "असं कर, आर्डिसला सांग की आधीपासूनच कुरकुरत होती. खोटंही नाही ते, कुरकुरत होतीच की."

वेसला एकही छर्रा लागला नव्हता, तरी त्याने हात वर केला आणि तो मैदानाबाहेर चालत गेला.

त्याने बॅटरी काढून मागच्या डब्यात टाकली, मला ट्रकमध्ये शेजारच्या सीटवर ठेवले आणि माझ्याभोवती पट्टा लावला. वाटेत तो मला ऐकवत होता, की स्वतःला, कोण जाणे. "बर्फात पडली. नाही, डुएननं हाताळली. नाही, आधीपासूनच..." प्रत्येक वाक्य तो अर्ध्यावर सोडत होता. आर्डिसच्या घरासमोर त्याने ट्रक उभा केला, पण उतरला नाही. मला वाटले, आता मला कुठल्या तरी ताडपत्रीखाली झाकणार.

मग त्याने भूक लागल्यासारखा खिशात हात घातला आणि पास्टी बाहेर काढली. ती अजून कोमट होती. तो तिच्याकडे बघत राहिला. मग उतरून मागे गेला, डब्यातली माझी बॅटरी घेऊन आला आणि ती दुसऱ्या हातात धरली. ती लोखंडासारखी गार होती. एका हातात पास्टी, एका हातात बॅटरी. त्याला सगळे उमगले असावे, कारण तो हळूच म्हणाला, "गाढव आहे मी." मग त्याने मला उचलले आणि दार वाजवले.

स्वयंपाकघरात उभे राहूनच त्याने सगळे सांगितले. पास्टी, डबा, अकराची बॅटरी, काही म्हणता काही लपवले नाही. "मोडली मी ती," तो म्हणाला. "डुएननं दिली, पण लावली मीच."

आर्डिसने त्याला शेवटपर्यंत बोलू दिले. मग विचारले, "बंद पडताना आवाज कसला झाला? करकर, खडखड?"

"नाही. एकदम गप्प."

"जळका वास?"

"नाही आला."

आर्डिस खुर्चीत टेकली आणि हसायला लागली. ती अशी हसू लागली की प्लास्टरचा हात सावरायला तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला. "दस्त्याचं झाकण काढ," ती म्हणाली. "आत वायरीत एक छोटा तुकडा आहे बघ."

वेसने तो काढला. फ्यूजची तार मधोमध वितळून तुटली होती. तो वीज अडवतो म्हणून मी ज्याच्यावर रुसले होते, त्याने वेळेवर अडवली आणि स्वतः जळून गेला. माझी चाके, माझी मोटर, सगळे जसेच्या तसे होते. मी वाचले होते.

आर्डिसने कपाटातून दुसरा फ्यूज आणला. वेस लगेच बॅटरी जोडायला निघाला तशी ती म्हणाली, "थांब. आधी तिला ऊब दे. खिशात ठेव, आणि या खेपेला त्यात पास्टी नको."

मग दोघे वाट बघत बसले. वाट बघायची म्हणजे कॉफी आली, आणि कॉफी आली म्हणजे बोलणे आले. वेस कॉनीबद्दल बोलला. होडीबद्दल बोलला. वडील ती घासताना शीळ घालायचे, ते दोघांनाही आठवले. हिवाळा सोडून इतक्या गोष्टींवर बोललेले मी त्या घरात प्रथमच ऐकले.

शेवटी त्यांनी चष्मे चढवले, कोपऱ्यात पुठ्ठ्याचे खोके ठेवले आणि वेसने चाप ओढला. टप, टप, टप. धापा न टाकता, न अडखळता मी छर्रे सोडले. वेसने मला टेबलावर ठेवले आणि डोळे पुसले. चष्म्यामुळे ते त्याला नीट जमेना.

"फ्यूज कधी बसवलास तू?" त्याने विचारले.

"तू यायच्या आदल्या दिवशी."

"म्हणजे मी मोडणार हे तुला ठाऊक होतं."

"मोडशील असं वाटलं होतं," आर्डिस म्हणाली. "सांगशील असं नव्हतं वाटलं."

वेसने रिकामा कप पुढे सरकवला. आर्डिसने त्याच्या कपात कॉफी ओतली आणि म्हणाली, "बाबांच्या होडीला फ्यूज बसवता आला असता ना, तर तोही बसवला असता."

आणि मग होडीच्या नावावर ते दोघे प्रथमच हसले.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे कोणी असेल. एखादे खेळणे, एखादे यंत्र, किंवा एखादा माणूसही. ते मंदावले की त्याला जादा जोर लावायची घाई करू नका. प्लग बसतो म्हणून बॅटरी चालतेच असे नाही. आधी हात लावून बघा, ते गारठले तर नाही ना. आणि चुकून हातून काही बिघडलेच, तर ते झाकू नका. दार वाजवा आणि सांगा.

आर्डिसचा हात आता बरा झाला आहे. तिने स्वतःसाठी नवी बंदूक घेतली आणि मला वेसला देऊन टाकले. मागच्या रविवारी आम्ही खाणीत गेलो तेव्हा कडाक्याची थंडी होती. बॅटरी त्याच्या छातीशी होती आणि पास्टी ट्रकच्या मागच्या डब्यात. जेवणाच्या सुट्टीत त्याने ती काढली तेव्हा ती दगडासारखी झाली होती. डुएन त्याला हसत होता, आणि वेस माझ्याशेजारी बसून ती कडाकडा चावून खात होता.