जेवणानेच चावलं

जावयाने घरात अजगराचं पिल्लू आणलं, तेही वर्नाने खपवून घेतलं होतं. पण काचपेटीत जिवंत उंदीर सोडून ड्वेन खुशाल गोठलेल्या तळ्यावर मासे मारायला गेला, हे अतीच झालं. साप कात टाकायला आलेला, डोळे दुधाळ. त्याला भूकच नव्हती. आता उंदीरच त्याची पाठ कुरतडत होता.

सापाच्या नावानेच वर्नाला कापरं भरायचं. तरी तिने भाजायचा चिमटा घेतला, झाकण सरकवलं. साप फुत्कारला. पण शेपूट धरून उंदीर तिने बाहेर ओढलाच.

संध्याकाळी ड्वेन आला. "आई, जेवला का तो?"

"उंदीर जेवला! जावईबापू, यापुढे मेलेलाच उंदीर आणायचा. आणि साप जेवेपर्यंत पेटीसमोरून हलायचं नाही, मग तुम्ही उपाशी राहिलात तरी चालेल."