रांगोळीवरून गेलेली चाकं

या, असे पुढं सरकून बसा. खांबाआड कोणी राहू नका. आज देवादिकांची कथा नाही, रामदासपेठेतल्या एका रॅम्पची आहे. देव तिच्यात आहे बरं. कुठं आहे ते ऐकता ऐकता तुम्हीच हेरा.

कामठीची दामिनी. लहानपणच्या तापात पाय गेले ते गेलेच. बी.ए. झाली, तीही घरी बसून. मग नऊ वर्षं खिडकीशी शिकवण्या घेतल्या. रामदासपेठेतल्या एका कंपनीनं ठरवलं, आपल्याकडं सगळ्या प्रकारच्या माणसांना जागा द्यायची. चार अपंग मुलं सहा महिन्यांसाठी घेतली, त्यात दामिनी. नुसती घेतली नाही, तिच्यासाठी दाराशी रॅम्प बांधला. पहिल्या दिवशी कोणाचा हात न लागता, आपली चाकं आपण फिरवत ती वर गेली, तेव्हा तिला दुरून कळस दिसावा तसं झालं. खोटं कशाला बोला, कंपनीनं केलं ते मनापासून केलं.

सहा महिने सरले. मोठे साहेब मुंबईहून यायचे होते. अकराला कार्यक्रम, त्यात दामिनीनं दोन मिनिटं बोलायचं, आणि साहेब ठरवणार की या चौघांना कायम करायचं की नाही. नाही म्हटलं तर पुन्हा ती खिडकी.

आईची जांभळी साडी नेसून दामिनी साडेदहाला दाराशी पोचली आणि थबकली. रॅम्पभर रांगोळी! मोर, कमळं, आणि मधोमध ठसठशीत अक्षरं: ‘सर्वांचे स्वागत’. वाईट कोणाच्याच मनात नव्हतं हो. पायऱ्यांवर पाहुण्यांचे पाय पडणार, म्हणून रांगोळीसाठी रिकामी जागा शोधली. सगळ्यांना रिकामी दिसली ती हीच.

दारावरचे रुपराव हात जोडून म्हणाले, “थांब ना वं पोरी थोडं. साहेब यायचे हाये. रांगोळी बिघडली त मले धरतील.”

ती थांबली. साहेब आले, पायऱ्यांवरून ताडताड वर गेले, रांगोळीकडं त्यांनी पाहिलंही नाही.

“आता?” दामिनीनं विचारलं.

“आता त फोटो काढाचे हाये म्हणते रांगोळीचे. असं करू, आमी चारपाच गडी मिळून तुले पायऱ्यांवरून उचलून नेऊ. किती वजन असन तुयं!”

“उचलू नका, काका.” तिचा आवाज चिरकला. आयुष्यभर तिला धान्याच्या पोत्यासारखं उचललं होतं. आज त्या हॉलमध्ये तरी नको. तिनं कंपनीत या चौघांचं काम पाहणाऱ्या सोनिका मॅडमना फोन लावला. सात वेळा. आत सगळ्यांचे फोन मुके करून ठेवलेले. माइकमधून आवाज मात्र बाहेर येत होता, “आमचं दार कोणालाच बंद नाही!” टाळ्या कडाडल्या. सव्वाअकरा. साडेअकरा. दामिनीनं पदर तोंडाशी धरला.

झाडलोट करणाऱ्या यमुताई बादली घेऊन आल्या. पहाटे पाचपासून गुडघ्यांवर बसून रांगोळी त्यांनीच घातलेली.

“काहून वं, अठीच बसून राहिली? आत तुयं नाव घेतलं ना दोनदा!”

दामिनीनं रांगोळीकडं बोट दाखवलं. यमुताईंनी रांगोळी पाहिली, चाकं पाहिली, आणि कपाळावर हात मारला. “अवं माय! मीच तुयी वाट बुजवली का वं?”

“तुमची मेहनत, यमुताई. कशी तुडवू?”

“गावात पालखी निघते तवा रांगोळी कायले घालतो आपण? बाजूनं जावं म्हणून? पालखी तिच्यावरूनच जाते न! चाल, व्हय पुढं.”

“यमुताई, साहेब...” रुपराव पुटपुटले.

“मायं नाव सांगजा त्याईले.”

दामिनीनं चाकं फिरवली. मोर फाटला, कमळं फाटली, ‘स्वागत’ दोन्हीकडून चिरलं. हॉलच्या राखाडी गालिच्यावर तिच्यामागं दोन गुलाबी रेघा उमटत गेल्या. आभारप्रदर्शन चाललं होतं. सगळे वळून पाहू लागले. सोनिकाची नजर चाकांवर गेली आणि चेहरा उतरला. तिनं माइक हाती घेतला, “सर, हिला उशीर झाला नाही. हिची वाट आम्हीच अडवली होती.”

साहेब म्हणाले, “पुढच्या वेळी काळजी घ्या,” आणि घड्याळाकडं पाहिलं. दामिनीची दोन मिनिटं तशीच राहून गेली.

कायम कोणालाच केलं नाही. चौघांना आणखी तीन महिने. पण सोमवारी पाहते तर रॅम्पच्या दोन्ही कडांना पिवळे पट्टे, आणि पाटी: ‘ही वाट नेहमी मोकळी ठेवा.’ दामिनीनं ती पाटी दोनदा वाचली. शिकतात, हळू का होईना.

यमुताई मात्र दिसल्या नाहीत. गालिचा खराब केला म्हणून ठेकेदारानं त्यांना काढलं होतं. दामिनी थेट सोनिकाकडं गेली. सोनिकानं टेबलावरचा कागद सारखा केला. “मी बोलले गं वरपर्यंत. पण त्या आपल्या माणसांत धरतच नाहीत. ठेकेदाराच्या आहेत.”

“मग ‘सर्वांचे’ लिहिलं कोणी होतं, मॅडम?”

सोनिकाचे डोळे भरले. ती काही करू शकत नव्हती. दामिनीही. यमुताईंचा पत्ता रुपरावांनाही ठाऊक नव्हता.

रॅम्पच्या फरशीच्या एका फटीत अजून चिमूटभर गुलाबी रंग आहे. रोज सकाळी दामिनी तेवढी फट चुकवून चाकं वर नेते.

तर मायबापहो, उद्या कुठल्या दाराशी असा गुळगुळीत रॅम्प दिसला, तर कंपनीचं कौतुक जरूर करा. पण रामनाम घ्याल तेव्हा त्याच्या शेजारी एक नाव माझ्यासाठी घ्या. यमुताई. आडनाव कोणी विचारलंच नव्हतं.