तिसऱ्या गिअरचा दात

मी एक जुना गिअरबॉक्स आहे. दोनच माणसं बसतील अशा एका बुटक्या लाल स्पोर्ट्स कारमध्ये, दोन सीटांच्या मधोमध माझी जागा. वर दिसतो तो गिअरचा दांडा. खाली तेलात बुडालेला मी. मला डोळे नाहीत, पण आजूबाजूला बोललेला प्रत्येक शब्द माझ्यापर्यंत पोचतो, आणि बाकीचं मी त्यावरून ताडतो. आणि मित्रांनो, मला पहिल्यापासून चौकशीची खोड. पुढून इंजिन जोर पाठवतं, मी तो मागच्या चाकांकडे धाडतो. या वाटेत त्याचं नेमकं काय होतं, कोण किती सोसतं, हे जाणून घ्यायची मला भारी हौस.

कारखान्यात माझे दाते कापले, भट्टीत तापवून, पाणी देऊन त्यांना कठीण केलं. मग तपासनीस बाईंनी एकेका दात्यावरून बोट फिरवलं आणि माझ्यावर एक आकडा ठोकला. मला वाटलं, शाबासकी मिळाली. पुढे कळलं, मला किती जोर झेपेल ते त्या आकड्यात लिहिलं होतं.

दोन मालक झाले. तिसरा मालक कवळ्या बनवणारा कारागीर. त्याने बनवलेले दात इतके हुबेहूब असत की घालणारी माणसं आपलं वय विसरत. त्याची बायको शहरात बस चालवायची. बायकोची लहान बहीण गिअरबॉक्स दुरुस्तीचा कारखाना चालवायची. घरात सगळे तिला धाकटी म्हणत.

कारागिराचा माझ्या गाडीवर जीव होता, पण गाडी चढाला दम खाते ही खंत त्याला सुटेना. शेवटी त्याने धाकटीच्या मागे लागून इंजिनाला सुपरचार्जर बसवून घेतला. हा म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा आणि इंजिनात हवा कोंबणारा पंप. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून जोर जास्त. काम झाल्यावर धाकटी हात पुसत म्हणाली, "भाऊजी, इंजिनाला दीडपट खायला घातलंय. पण त्याच्या मागे जे आहेत त्यांचा जीव होता तेवढाच आहे. बेताने चालवा, आणि हजार किलोमीटर झाले की तेल बघायला आणा."

त्याने मान डोलावली.

खरं सांगतो, सुरुवातीला मीही हुरळून गेलो. पाय दाबला की पुढून एक बारीक शीळ यायची आणि पाठोपाठ जोराचा लोंढा. हा एवढा येतो कुठून, आणि माझ्यातून जातोय तरी कसा? सिग्नलला शेजारचे लोक काचा खाली करून चौकशी करत. कारागीर हसून सांगे, आणि दिवा हिरवा होताच गाडी उसळवून दाखवी.

आधी हार मानली ती क्लचने. इंजिन आणि माझ्यामध्ये बसणारा हा गडी जोराचा झटका आला की घसरायचा. मी त्याला मनातून कामचुकार म्हणायचो. एके दिवशी करपल्याचा वास आला आणि तो संपला. कारागिराने दुसऱ्याच गॅरेजमधून एक दणकट क्लच बसवून घेतला. धाकटी ओरडेल म्हणून तिला सांगितलंच नाही.

हा नवा क्लच घसरत नव्हता. आता प्रत्येक झटका थेट माझ्या दातांवर येऊ लागला. तेव्हा मला उमगलं की जुना गडी घसरत होता तो आळसाने नाही. माझ्या वाटचे तडाखे तो स्वतःच्या अंगावर घेत होता. हे कळायला मला उशीर झाला.

काही आठवड्यांनी तिसऱ्या गिअरच्या एका दात्याच्या मुळाशी केसाएवढी रेघ उमटली. दुखत नव्हतं. मी रोज तिचा अंदाज घ्यायचो: आज कुठवर आली? हजार किलोमीटर झाले, चार हजार झाले. एकदा बायको म्हणाली की तिसऱ्यात काहीतरी किरकिरतंय, धाकटीकडे नेऊ या. कारागीर म्हणाला, धावतेय ना, मग झालं.

बायकोच्या सुट्टीच्या दिवशी दोघं डोंगरावरच्या रस्त्याने निघाले होते. चढावर पुढे एक ट्रक रखडत चालला होता. कारागिराने तिसरा टाकला, पाय पूर्ण दाबला आणि गाडी बाहेर काढली. ट्रकच्या बरोबरीने आलो, तोच समोरून टँकर आला, आणि त्याच क्षणी माझा दात तुटला.

तो तुकडा दोन चक्रांमध्ये अडकला. मागची चाकं जागच्या जागी बांधल्यासारखी थांबली, गाडी आडवी होऊ लागली. कारागीर गोठला होता. बायकोचा आवाज मात्र बसमधल्यासारखाच शांत होता. "ब्रेक नको. स्टिअरिंग सरळ धरा. सरळ." तेवढ्यात तुकडा चिरडून खाली पडला, चाकं मोकळी झाली, आणि गाडी ट्रकच्या मागे रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. टँकर हातभर अंतरावरून गेला.

गाडी ओढून धाकटीच्या कारखान्यात नेली, तिथे तिने मला उघडलं. तेलाच्या तळातून तुकडा काढला आणि पांढऱ्या फडक्यावर ठेवून कारागिरापुढे सरकवला. त्याने सवयीने भिंग डोळ्याला लावलं. तुटलेली अर्धी बाजू काळपट, गुळगुळीत होती. उरलेली खडबडीत आणि लख्ख.

"हा त्या दिवशी तुटलेला नाही," तो हळूच म्हणाला. "कधीचा तडकलाय. आमच्याकडे अशीच माणसं येतात. दुखत नव्हतं म्हणून आलो नाही म्हणतात."

धाकटी म्हणाली, "शेजारी माझी ताई बसली होती, भाऊजी."

पुढचे तीन दिवस कारखान्यात येऊन त्याने ब्रशने माझा एकेक दात स्वतः धुतला. धाकटीने मला रुंद, दणकट चक्रं घातली, वेळ पडली तर घसरेल असा क्लच लावला, आणि सुपरचार्जरची पुली, म्हणजे त्याच्या पट्ट्याचं चाक, बदलून त्याचं हवा कोंबणं थोडं कमी केलं.

पहिल्या फेरीला त्याने किल्ली बायकोच्या हातात दिली. त्याच चढावर तिने तिसरा टाकला आणि पाय हळूहळू, थेट तळापर्यंत नेला. जोर आला, सगळाच्या सगळा आला, पण भांड्यात दूध ओतावं तसा. मित्रांनो, इतकी वर्षं मी ज्याचा शोध घेत होतो ते त्या चढावर सापडलं. जोर वेगळा आणि धक्का वेगळा. मी जोराने मोडलो नव्हतो, धक्क्यांनी मोडलो होतो.

तुम्हीही पुढे कोणाची ना कोणाची ताकद वाढवाल. तेव्हा ती वाहून नेणाऱ्यांची आधी विचारपूस करा. आम्हा मुक्यांना दुखतं म्हणून सांगता येत नाही. आमची किरकिर हेच आमचं बोलणं.

आता माझ्या बुडाला लोहचुंबकाचं बूच आहे. दर हजार किलोमीटरला कारागीर ते काढून उजेडाकडे धरतो, लोखंडाचा कण चिकटलाय का बघतो; कण म्हणजे माझा कुठला तरी दात झिजतोय. काय निघालं असेल, म्हणून मीही कान टवकारतो. परवा त्याने बराच वेळ निरखलं, मग घरात बायकोला हाक मारली, "अगं, जरा येतेस? तूही बघ. माझ्या एकट्याच्या नजरेवर नको."