कप्तान आणि बुडत्या मेंढ्या

आमच्या साहेबांची पुण्याला बदली झाली आणि त्यांचा कुत्रा माझ्या गळ्यात पडला. साहेब पाटबंधारे खात्यात, मी त्यांचा ड्रायव्हर. इकडे येण्याआधी ते सहा वर्षं मालवणला होते, म्हणून हे जनावर समुद्रावरच वाढलेलं. काळंभोर, झिपरं, वासराएवढं. नाव कप्तान. जाताना साहेब म्हणाले, "कडूबा, याला पाण्याचं वेड आहे. आणि एक खोड आहे. पाण्यावर नुसतं डोकं दिसलं की याला वाटतं, कोणीतरी बुडतंय. लगेच ओढून माझ्यापाशी आणतो. पोहणारे शिव्या देतात, पण ऐकत नाही."

मी म्हटलं, द्या इकडे. पडेगावच्या माळावर कोण पोहायला बसलंय?

घरी आणला तर माय दारातच उभी. माझी माय कस्तुराबाई सत्तरीच्या पुढची आहे आणि एकोणसाठ मेंढ्या अजून स्वतः राखते. मी सरकारी गाडी चालवतो याचं तिला काडीचं कौतुक नाही.

"हे अस्वल कुठून आणलंस?"

"कुत्रं हाय, माय."

"मंग मेंढरं राखंल का?"

राखेल, असं मी छातीठोकपणे सांगितलं आणि आठवडाभरात तोंडघशी पडलो. कोणी अनोळखी माणूस मेंढवाड्याशी घुटमळला की कप्तान त्याला पंजा द्यायचा. कोकरांना चाटून चाटून चिंब करायचा. दुपारी तर जनावरांच्या पाण्याच्या हौदात जाऊन बसायचा आणि मेंढ्या तहानलेल्या ताटकळत उभ्या. मायनं त्याला दोनदा शेपटी धरून बाहेर काढलं. तिसऱ्यांदा तो निघालाच नाही.

त्यातच गावचे नानासाहेब आले. दौलताबाद रस्त्यावर त्यांनी हॉटेल काढलंय, आत पोहण्याचा तलावही आहे. कप्तानला बघून त्यांचे डोळे चमकले. "मावशी, असं कुत्रं आमच्या तलावापाशी काय शोभंल! द्या मला."

"घेऊन जावा," माय म्हणाली.

मी कप्तानला मिठीच मारली. खरं सांगतो, बायको माहेरी जाते तेव्हा तिलाही कधी एवढं धरून ठेवलं नाही. ड्युटीवरून आलो की हे धूड आनंदानं अंगावर झेपावतं. मला बघून इतका खूश होणारा दुसरा जीव घरात नाही. मी मायच्या हातापाया पडलो. शेवटी तिनं एवढीच सवलत दिली, "बुधवारी मेंढ्या धुवायच्या हायेत. पाण्यातलं जनावर म्हंतोस ना, करू दे मदत. समद्या धुऊन झाल्या की नानासाहेब त्याला नेतील. मंग रडायचं नाय." मायचा शब्द म्हणजे शब्द. जन्मात तिनं तो फिरवला नाही.

लोकर कातरण्याआधी मेंढ्या धुवाव्या लागतात. आमची पद्धत सोपी. पाझर तलावाचं पाणी एका बाजूला अरुंद होतं, तिथं अलीकडून एकेक मेंढी लोटायची. ती पोहत पलीकडे निघते, तेवढ्यात लोकरीतली माती सुटते. बुधवारी मी रजा टाकली. थोरला भाऊ आप्पा पलीकडच्या काठावर थांबला, मी आणि माय अलीकडे, कप्तान माझ्या पायाशी.

पहिली मेंढी लोटली. पाण्यावर तिचं नुसतं डोकं दिसलं आणि मला साहेबांचे शब्द आठवले. पण उशीर झाला होता. कप्ताननं धाडकन उडी घेतली, लोकर अलगद दातांत धरली आणि मेंढी वळवून माझ्यापुढे आणून उभी केली. शेपटी तर अशी हलत होती की आता सत्कारच व्हायचा बाकी आहे.

दुसरी लोटली, तीही परत. तिसरी परत. तास झाला तरी पलीकडे एकही पोचली नाही. काही मेंढ्या तीन-तीनदा धुतल्या गेल्या, काहींचे खूरही भिजले नाहीत, आणि सगळ्या एकमेकींना घासून सारख्याच ओल्या झाल्या, त्यामुळे कोणती धुतली तेच कळेना. आप्पा पलीकडून बोंबलला, "आरं, मी इथं काय बगळं मोजाया उभा हाय व्हय?"

मायचं डोकं फिरलं. काठी घेऊन ती कुत्र्यामागं पाण्यात उतरली. कमरेपर्यंत गेली, छातीपर्यंत गेली, आणि पाय घसरला. घसरला नव्हता, असं ती आजही सांगते. पण डोकं तेवढं वर राहिलं हे खरं. कप्ताननं तोंडातली मेंढी सोडली आणि मायचं मनगट धरलं.

"सोड, मुडद्या! सोड म्हंते ना!"

त्यानं तिला काठावर आणून बसवलं आणि तिच्यासमोरच अंग झाडलं. मी डोळे मिटून घेतले. आता काठी पडणार. पण पडली नाही. माय मनगटाकडे बघत होती. एकही दात रुतला नव्हता.

"तुझ्या बापानं बी कधी असा हात धरला नाय," ती हळूच म्हणाली. आणि लगेच माझ्यावर खेकसली, "बघतो काय येड्यावानी? ते मेंढ्या तुझ्यापाशी आणतंय. तू पलीकडं जा की!"

वीस वर्षं गाड्या वळवणाऱ्या माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मी कप्तानला घेऊन पलीकडे गेलो, आप्पा अलीकडे आला. मग काय विचारता! आप्पा लोटायचा, कप्तान आणायचा. दरवर्षी दिवस मावळेपर्यंत चालणारं काम दुपारीच उरकलं. एकोणसाठ मेंढ्या स्वच्छ होऊन माझ्याभोवती उभ्या, आणि माझ्या डोळ्यांत पाणी. इतक्या लवकर उरकायला नको होतं.

माय पलीकडे आली तोवर नानासाहेबांची जीपही आली. ते साखळी घेऊनच उतरले.

"झाल्या का मावशी समद्या धुऊन?"

माय काठावर बसली आणि मेंढ्या मोजू लागली. नानासाहेबांनी साखळी अडकवली. मी तोंड फिरवलं. तेवढ्यात माय उठली, पदर खोचला आणि सरळ पाण्यात चालू लागली. गळ्याइतक्या पाण्यात थांबली आणि मुळीच घाई नसल्यासारखी म्हणाली, "बुडाले रं बाबा. बुडाले."

कुत्र्याच्या हिसक्यासरशी साखळी नानासाहेबांच्या हातातून सुटली आणि ते चिखलात गुडघ्यांवर आले. कप्ताननं मायला मनगट धरून काठावर आणलं.

"मावशी, हे काय?" नानासाहेब चिखल पुसत म्हणाले. "समद्या धुऊन झाल्या की न्यायचं ठरलं होतं ना?"

"व्हय. एक राहिली होती."

"मग आता झाली की!"

मायनं पदर पिळला. "कुठं? पाठ राहिली," ती म्हणाली आणि पुन्हा पाण्यात उतरली.