भरावाखाली

गिरजाबाई डंपरसमोर आडवी पडली तेव्हा सगळ्यांना वाटलं, जमिनीसाठीच पडली. खाडीकाठच्या गावागावांत त्या दिवसांत जमिनीवरून धुसफूस चालू होती. ड्रायव्हर शिव्या घालत खाली उतरला, मुकादम धावत आला. लाल मुरुमावर म्हातारी पालथी पडली होती आणि कोणी काही विचारलं तरी बोलत नव्हती. मुलगा शिवा कंपनीतून आला, त्यानं तिला उचललं आणि घरी नेलं.

आजच्या उपनगराचं जुईनगर हे नाव तेव्हा नव्हतं. गाव होतं, मागं भाताची खाचरं, त्यापलीकडं मिठागरं आणि खाडी. एक्याऐंशी साली नव्या शहरासाठी खाचरांवर भराव पडायला लागला आणि गिरजाबाईचं जेवण तुटलं. दुपारी ती घरातून निघायची आणि भरावाच्या कडेला जाऊन उभी राहायची. सून पुतळा तिला हाताला धरून परत आणायची. भगताकडं नेऊन झालं. इंजेक्शनं झाली. डंपरच्या प्रकारानंतर गावातल्या डॉक्टरनं हात टेकले आणि वाशीच्या एका धर्मादाय दवाखान्यात मुक्ता गायकवाडकडं पाठवलं.

मुक्ता मूळची बीडकडची. मुंबईत शिकून सोशल वर्कर झालेली. घरातलं माणूस गेल्यावर सावरता न आलेले लोक दर गुरुवारी तिच्यापुढं येऊन बसायचे. ती गोळ्या देत नसे, त्यामुळे बऱ्याच जणांना तिचं काम काय ते कळत नसे.

पहिल्या दोन खेपांना पुतळाच बोलली. "म्याडम, जमिनीचं टेन्शन घेतलंय त्यांनी. आमी किती समजावलं, सगळ्या गावाचीच गेली, आपली एकट्याची हाय का?" तिसऱ्या खेपेला मुक्तानं तिला बाहेर बसायला सांगितलं. गिरजाबाईनं पदर सावरला, मुक्ताकडं नीट बघून घेतलं. मग म्हणाली, "पोरं हायेत का गं?"

"एक मुलगी आहे, मावशी."

"अंगावर पाजलंस तिला?"

"हो."

"माजं दूध पिनारं कोनी उरलं नवतं," गिरजाबाई म्हणाली.

मग ते तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. शिवाच्या आधी एक मुलगी झाली होती. बारशाच्या आतच तापानं गेली. सासऱ्यानं आणि नवऱ्यानं, गोटीरामनं, तिला टोपलीतून नेलं आणि खाचराच्या बांधावर पुरलं. बायका जात नाहीत, म्हणून ती गेली नाही. सासू म्हणाली, एवढ्याशा पोरीसाठी रडायचं नसतं, पुढची कूस धरत नाही. काही दिवसांत लावणी आली आणि ती गुडघाभर चिखलात उभी राहिली. छाती दगडासारखी झाली होती. बांधाआड बसून तिनं दूध पिळलं आणि मातीत सोडलं.

"जागा कशी कळली तुम्हाला?"

"शिवाच्या बापानं हात करून दाखवली व्हती. एकदाच. मंग मी दर सालाला तितंच बसून भाकर खायची. कोनाला समजलं नाय." मग ती म्हणाली, "आता तिच्यावर डोंगर टाकलाय त्यांनी."

"काकांशी कधी बोललात यावर?"

गिरजाबाईनं मान हलवून नाही म्हटलं.

मुक्तानं गोटीरामला निरोप धाडला. तो आला नाही, तेव्हा ती स्वतः गावात गेली. गोटीराम ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसला होता. तिचं सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "बाय, पस्तीस वर्सं झाली. लोकांची तरनीताठी पोरं जातात. आता काय उकरायचं ते?"

मुक्ता काही म्हणणार तोच गिरजाबाई दारात येऊन उभी राहिली.

"तिला कशात गुंडाललं व्हतं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

गोटीरामचे हात थांबले. "तुज्याच लुगड्याच्या धडप्यात."

"डोकं कुठं केलं व्हतं?"

त्यानं जाळं खाली ठेवलं, पायात वहाणा सरकवल्या आणि निघून गेला.

पुढच्या गुरुवारी मात्र तो बायकोबरोबर दवाखान्यात आला. आत आला नाही, बाहेर बाकावर बसून राहिला. त्यापुढच्या गुरुवारी दारात उभा राहून म्हणाला, "चला. जागा दाखवतो दोघींना."

रविवारी डंपर बंद होते. तिघं भरावावर चढली. गोटीराम झपझप पुढं गेला. खाडीचं पाणी अडवायची जुनी झडप, तिथून सरळ बांध, बांधावर परसभेंडीचं उंच झाड, असं तो हातानं दाखवत चालला होता. पण झडप गाडली गेली होती, आणि भेंडीचं झाडही. चहूकडं एकसारखा लाल मुरूम. तो एका ठिकाणी थांबला. "इथं." मग दहा पावलं मागं आला. "नाय, इथं." पुन्हा डावीकडं गेला. काठीनं दगड बाजूला करायला लागला, मग काठी टाकून हातानं.

"राहू द्या, काका," मुक्ता म्हणाली.

"मना डोले मिटून सापडायची," तो म्हणाला. "मासे धरायला म्हनून निघायचो आन इथं येऊन बसायचो. अंधारात सुद्दा सापडायची." आणि तो खालीच बसला. "सखू," तो म्हणाला. "सखू गं."

"कोन सखू?" गिरजाबाईनं विचारलं.

"नेताना नाव ठेवलं व्हतं मी. बिननावाची कशी पुरायची?"

तो रडायला लागला. मुक्तानं त्या वयाच्या माणसाला असं रडताना पाहिलं नव्हतं, ओकल्यासारखं, पोटातून. गिरजाबाई आधी नुसती बघत राहिली. मग त्याच्यापाशी बसली आणि पदरानं त्याच्या बोटांतला मुरूम पुसायला लागली.

त्यानंतर गिरजाबाई जेवायला लागली. तिला झोप यायला लागली. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी मुक्ताचं कौतुक केलं.

पण गोटीराम रोज भरावावर जायला लागला. सकाळी पहार घेऊन निघायचा. मुकादम हाकलायचा, तो दुसऱ्या बाजूनं चढायचा. शिवा दवाखान्यात येऊन मुक्ताच्या टेबलापुढं उभा राहिला. "म्याडम, आयला बरी केली तुमी. बापाला का येडा करून सोडलात?" मुक्तानं त्याला पाणी दिलं.

तिच्या निरोपावरून गोटीराम एकदा आला. खुर्चीच्या कडेवर बसला.

"मी बरा व्हतो, बाय," तो म्हणाला. "बंद व्हतं ते बंद व्हतं. आता दिसभर तीच दिसते."

"काका, हे एकट्यानं सोसू नका. पुढच्या गुरुवारी या. मी आहे इथं."

"येतो," तो म्हणाला, पण आला नाही. मुक्ता दोनदा गावात जाऊन आली. दोन्ही वेळा तो तिला लांबून बघून मिठागरांकडं वळला. थंडीत त्यानं अंथरूण धरलं आणि शिमग्याच्या आत गेला. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं.

मुक्ता भेटायला गेली तेव्हा ओट्यावरच्या बायका गप्प झाल्या. पुतळानं तिला पाणीही विचारलं नाही. गिरजाबाईनं मात्र हात धरून आत आपल्या शेजारी बसवलं.

"मी त्यांना बोलवायला नको होतं," मुक्ता म्हणाली.

"कोनी कधी इचारलंच नवतं त्याला," गिरजाबाई म्हणाली. "मी सुद्दा. मना वाटायचं, बापाला काय त्याचं. पस्तीस वर्सं एका घरात, आन मी त्याला दगड समजत व्हते." ती रडली नाही. "तुजं चुकलं का बरोबर, ते मना नाय सांगता येत, बाय."

मुक्ताला ते खरं वाटलं. कोणी धीर दिला असता तर तिला तो खोटा वाटला असता.

पावसाळा गेल्यावर गिरजाबाई पुन्हा गुरुवारी यायला लागली, आता एकटीच, बसनं. कधी गोटीरामवर चिडायची, आपल्यापासून लपून मुलीकडं जात होता म्हणून. कधी नुसतीच बसून परत जायची. एकदा तिनं विचारलं, "हे कवा संपतं?"

"सगळ्यांचं संपतंच असं नाही, मावशी."

"मंग मी येत जाईन," ती म्हणाली.

दोन वर्षांनी भरावावर इमारतींचे पाये खणायला सुरुवात झाली. आदल्या दिवशी गिरजाबाईनं निरोप पाठवला होता, उद्या माझ्याजवळ बस. मुक्ता रजा टाकून गेली. दोघी घरात दार लोटून बसल्या. बाहेर यंत्राचा धक्का बसला की फळीवरची भांडी वाजत. पुतळानं तांदूळ धुवून चुलीवर ठेवले आणि तीही येऊन सासूशेजारी बसली. संध्याकाळी यंत्र थांबेपर्यंत तिघी एकमेकींना लागून बसून होत्या.