सूज उतरली

कशेळीच्या गोदूबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक. पण लेकीच्या दुखण्याबद्दल ती तीन महिने मूग गिळून बसली, आणि एका मंगळवारी अचानक आळीभर सांगत सुटली, "भाविकाला काय झायला न्हवता. आंगात सूज व्हती. उतरली." बाईचा आनंद खरा होता, म्हणून तर तिचा राग येतो.

गोदूबाई धवलारीण, लग्नाच्या विधींना धवले गाणारी. ती ओळ म्हणायची आणि भाविका मागून तीच ओळ उचलायची, सात वर्षांची होती तेव्हापासून. धवला एकदा सुरू केला की मध्ये तोडायचा नाही, तोडला तर नवरीचा संसार तुटतो, असं गोदूबाईला तिच्या आयेने बजावलं होतं. एकदा भर मांडवात पायाला विंचू डसला, तर या बाईने धवला पुरा केला आणि मगच बोंब मारली.

खारबावच्या मनोजशी भाविकाचं लग्न ठरलं आणि महिनाभरात पोरगी विझत गेली. आधी गोदामातल्या ऑफिसात जायची थांबली. मग मैत्रिणींचे फोन उचलेना. गोदूबाईने खाडीच्या चिंबोऱ्या आणून झणझणीत कालवण केलं, ज्याच्या वासाने ही पूर्वी चुलीपाशी येऊन बसायची. भाविकाने दोन घास काढा घ्यावा तसे गिळले. पुढच्या लग्नात धवल्याची ओळ आली आणि भाविका नुसती बघत राहिली.

"आये, ऐकू येतं," ती घरी आल्यावर म्हणाली, "पन आत काय व्हत न्हाय. कशानीच व्हत न्हाय."

गोदूबाईने दृष्ट काढली, देवीला ओटी भरली, आणि शेवटी शेजारपाजारी दाढ दुखते असं सांगून तिला ठाण्याला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गंमत म्हणजे दाढ खरोखरच किडलेली निघाली. बाईंनी रक्त तपासलं, दाढ काढून घ्यायला सांगितलं, एक गोळी लिहून दिली आणि दोघींना समोर बसवून समजावलं.

"रक्तात अंगातल्या सुजेची खूण दिसते आहे. काही जणांत अशी सूज आणि मनातला आनंद असा आटणं, ही दोन्ही एकत्र आढळतात. एकामुळे दुसरं होतं का, ते नक्की सांगता येत नाही. म्हणून सूज उतरली की मन बरं झालं, असं धरून चालू नका. ही गोळी मनासाठी आहे. मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही."

एवढ्या बोलण्यातून गोदूबाईने उचलला एकच शब्द, सूज. तिच्या जीवात जीव आला. सूज म्हणजे अंगाचं दुखणं, चार माणसांत सांगता येतं. डोक्याचं म्हटलं असतं तर खारबावच्यांनी दुसऱ्या दिवशी नारळ परत पाठवला असता.

"सूज उतरली की चव येल ना, आये?" भाविकाने रिक्षात विचारलं. कित्येक आठवड्यांत तिने पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

"येल की. का न्हाय येनार?"

त्या एका शब्दावर पोरीने दीड महिना काढला. सकाळी उठायची, तोंड धुवायची, आरशात बघून विचारायची, "उतरली असंल का?" दाढ काढली होती, जखमही भरली होती. पुन्हा रक्त तपासलं तर सुजेचा आकडा खाली. गोदूबाईने कागद देवापुढे ठेवला आणि त्याच दिवशी गोळ्यांची पाकिटं तांदळाच्या डब्यात खोल पुरली. सासरी जाताना बॅगेत असली गोळी सापडली तर? सूज गेली, आता कशाला हवी ती? डॉक्टरीणबाईंना विचारणं तिने टाळलं, कारण उत्तर तिला ठाऊक होतं.

पंधरा दिवसांनी हळद. उन्हं कलताना अंगणात बायका जमल्या, भाविका पाटावर बसली, आणि गोदूबाईने धवला सुरू केला. आज ओळ उचलायला तिची जाऊ काशी होती. दोन ओळी झाल्या. गोदूबाई गात गात लेकीच्या गालाला हळद लावायला वाकली.

"आये," भाविका तिच्या कानाशी म्हणाली, "सूज खरंच गेली?"

ओळ तोंडात होती. गोदूबाईने नुसती मान हलवली.

"मग आता सूज न्हाय," पोरगी शांतपणे म्हणाली. "मग ही अशी मीच हाव. बरा झाला, समजला. आता वाट बगायची न्हाय."

काशीने ओळ उचलून संपवली होती, पुढची गोदूबाईची होती. बायका तिच्याकडे बघत होत्या. तिला तिच्या आयेचं बजावणं आठवलं, डॉक्टरीणबाईंचं आठवलं, आणि जन्मात पहिल्यांदा तिने धवला तिथेच टाकला.

"गाडी काढा," ती नवऱ्याला, केसरीनाथला, म्हणाली.

"अगो, धवला..." काशी पुटपुटली.

"तुटला. मी तोडला."

केसरीनाथने किल्ली उचलली. "खारबावच्यांना काय सांगू?"

"सांगा, पोरीचं मन आजारी हाय. असाच सांगा, दाढ नको न् सूज नको."

तिने आत जाऊन तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पाकिटं बाहेर काढली. भाविकाला तिने हाताला धरूनच गाडीत बसवलं आणि दार लागल्यावरही मनगट सोडलं नाही. कशेळीच्या पुलावर कंटेनरांची रांग लागली होती, गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती. भाविकाच्या एकाच गालाला हळद होती. तिने आयेच्या मांडीवरच्या पाकिटांना बोट लावलं.

"यानी चव येल?"

गोदूबाईने 'येल की' गिळलं.

"मना म्हाईत न्हाय, बाय," ती म्हणाली. "आपून बाईंना विचारू."