उलट्या टाक्याचं पोतं

आमचं निळं फाटक तुमसरात कोणाला कळू नये म्हणून मी अकरा वर्षं खोटं बोलत आले. नवऱ्याच्या मारातून सुटलेल्या बायका इथं राहतात. त्यांचा पत्ता हेच त्यांचं कुलूप. औषध असो की किराणा, सगळं बाजारातल्या चक्कीवर उतरायचं आणि तिथून मी आणायचे.

मग मुंबईच्या ज्या एका संस्थेच्या पैशावर आमचं चालायचं, तिनं हात काढून घेतला. वर उपदेश, की एकाच दात्यावर विसंबू नका, चार दारं शोधा. सांगायला काय जातं! पण पदर खोचून हिंडले. पवनीच्या एका कापडवाल्यानं वीजबिल उचललं. शाळेतल्या मास्तरणी वाढदिवसाला एकेक जेवण द्यायला लागल्या. एका राइस मिलनं महिन्याला दोन पोती तांदूळ कबूल केला. मी हरखून गेले, आणि हरखलेला माणूस मूर्ख असतो. मिलचा दिवाणजी म्हणाला, "चक्कीवर कायले? घरीच पाठवतो." माझे गुडघे दुखत होते. मी पत्ता सांगून टाकला.

मंगळवारी दुपारी ऑटोवाला एक पोतं टाकून गेला. जाताना म्हणाला, "दुसरं मागून येऊन राहिलं. मिलचा एक माणूस सायकलीवर आणते म्हणे. दानाचं काम हाये."

"देव भलं करो त्याचं," मी म्हणाले.

रुपा सुतळी कापायला वाकली. दोन महिन्यांपूर्वी आंबागडकडून आली तेव्हा तिचं मनगट मोडलेलं होतं. ती वाकली आणि तशीच राहिली.

"मावशी, हा टाका त्याचा हाये."

नवऱ्याचं नाव ती अजूनही घेत नाही.

"तो डावखुरा हाये. हंगामात मिलोमिल फिरते, पोत्याचे तोंड शिवते. त्याचा टाका उलटा पडते."

भ्याले की मला आधी राग येतो. "रोज शंभर पोते शिवत असन तो! कोणतं कुठं गेलं, त्याले काय माहीत?"

रुपानं बोट ठेवलं. सुतळीखाली, टाक्यातच, एक चिठ्ठी शिवलेली होती. अक्षर दिवाणजीचं, शब्द माझे: ताराबाई, महिलांचं घर, तलावामागं, निळं फाटक.

"वाचता येते त्याले?"

"बारावी पास हाये."

म्हणजे दुसरं पोतं सायकलीवर आणणारा तोच. पोलिसांना फोन लावला. निघालो म्हणाले. त्यांचं निघालो मला माहीत आहे. मागच्या दारानं पळावं, तर धान कापून मोकळ्या पडलेल्या बांध्या, नुसती उघडी शेतं. पळणारी बाई कोसभरावरून दिसली असती.

"ऐक," मी रुपाला म्हणाले, "तू इथं हायेस हे त्याले पक्कं माहीत नाही. अंदाज घ्याले येऊन राहिला. मी पोतं घेईन, पावती देईन. तो जाईन."

ती कोठीत जाऊन बसली. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

कडी वाजली. दोनदाच, हळू, पाहुण्यानं वाजवावी तशी.

"बाई, तांदूळ आणला."

आवाज मऊ होता. तो मऊ आहे याचीच मला जास्त भीती वाटली. फटीतून पाहिलं. सायकलच्या कॅरियरवर पोतं, कपाळावर घाम, शर्टाच्या कॉलरीत खोवलेलं दाभण.

मी सासवांना, दिरांना, गावच्या पुढाऱ्यांना तोंडावर खोटं सांगितलेली बाई. पावतीपुस्तक हातात होतं. फक्त एवढंच म्हणायचं होतं, की ठेवा दादा तिथंच. पण नजर त्या दाभणावर गेली, रुपाचं मनगट आठवलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"इथं रुपा नाही राहत!"

बाहेर सायकल स्टँडवर लागली. पोतं धप्पकन खाली आलं.

"म्या तं नावच नाही घेतलं, बाई," तो तसाच मऊ बोलला, आणि पोत्यावर बसला.